चारशेसत्तर ओम

अर्ध्या मॅडमनी लाकडी पट्टी उत्तरपत्रिकेवरून एकेक ओळ खाली सरकवत सतराव्या प्रश्नापर्यंत आणली आणि तिथे थांबवली. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या वस्तादची मान पट्टीबरोबर खाली येत होती. तीही थांबली.

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या. “इथे गेलेत तुमचे दोन.”

“हो. तेच दोन पाहिजेत, मॅडम.”

“पाहिजेत म्हणून देता येत नाहीत. काय चुकलंय ते दाखवते. पुनर्तपासणी त्यासाठीच असते.”

अर्ज भरताना वस्तादची समजूत वेगळी झाली होती. पुनर्तपासणी म्हणजे पुन्हा तपासणी, असं त्याला वाटलं होतं. गेल्या वीस मिनिटांत मात्र त्याच्या लक्षात आलं होतं की पहिल्या वेळी जे चूक ठरलं ते दुसऱ्यांदा, त्याच्या देखत, पट्टी लावून चूक ठरवायचं, असा तो प्रकार आहे.

मॅडमचं नाव दारावरच्या पाटीवर पदव्यांसकट व्यवस्थित लिहिलेलं होतं. पण परीक्षेला येणारे सगळे त्यांना अर्ध्या मॅडम म्हणत, कारण उत्तरापुढे एकक लिहायचं राहिलं की त्या अर्धा गुण कापत. व्होल्ट राहिला, अर्धा. ओम राहिला, अर्धा. एकाने ओम लिहिला होता पण ओळ संपल्यामुळे तो खालच्या ओळीत गेला, तर त्याचा पाव कापला म्हणे. ही गोष्ट बहुधा खोटी होती. पण ती ऐकून कुणालाही आश्चर्य वाटत नसे.

वस्ताद लिफ्टवाला. सव्वीस वर्षं त्याने लिफ्ट बसवल्या, उघडल्या, जोडल्या, अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. कंपनीचा मॅनेजरसुद्धा त्याला वस्तादच म्हणे. पण येत्या एक तारखेपासून देखभालीच्या नोंदवहीत सही करायला प्रमाणपत्र लागणार होतं. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याने लिफ्ट दुरुस्त करायला हरकत नाही, असं परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं. फक्त ती दुरुस्त झाली आहे असं म्हणायचा अधिकार त्याला नव्हता.

कंपनीत तो अधिकार एकट्या मेव्हण्याला मिळाला होता. मेव्हणा म्हणजे वस्तादच्या बायकोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी वस्तादनेच त्याला कामाला लावलं होतं, टेस्टर कसा धरायचा इथपासून शिकवलं होतं. याच खेपेला तोही परीक्षेला बसला आणि एकाहत्तर गुणांनी पास झाला. कंपनीने हौसेने नवा नियम महिनाभर आधीच लागू केला. गेल्या आठवड्यात वस्तादने एका सातमजली दवाखान्याची लिफ्ट दिवसभर खपून चालू केली. संध्याकाळी मेव्हणा आला, खाली उभ्या उभ्या चहा प्यायला आणि वहीत सही करून गेला. वर गेलाच नाही. वस्तादचा शिरस्ता होता की आपण स्वतः आत उभं राहून तळापासून माथ्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्याशिवाय वहीला पेन लावायचं नाही.

“भाऊजी, तुम्ही केलंय म्हटल्यावर मी काय बघायचं?” मेव्हणा म्हणाला होता.

यात विश्वास होता, आदर होता, आणि वस्तादची झोप उडेल असं सगळं काही होतं.

पासाला पन्नास गुण लागत. वस्तादला अठ्ठेचाळीस होते. ही त्याची तिसरी खेप.

पहिल्या खेपेला तो अकरा ठिकाणी एकक लिहायला विसरला होता. साडेपाच गुण त्यातच गेले. खरं तर तो विसरला नव्हता. त्याच्या कामात एकक कुणी बोलतच नाही. ‘दाराच्या कार्डाला चारशेसत्तर दे’ म्हटलं की समोरचा चारशेसत्तर किलोओमचा रेझिस्टर काढून देतो. ‘दहाचा कंडेन्सर’ म्हटलं की दहा मायक्रोफॅरडचा. त्या कार्डात, म्हणजे दाराच्या सर्किटात, दुसरं काही चालतच नाही. तिथे किलो आणि मायक्रो म्हणत बसणं म्हणजे सख्ख्या भावाला आडनावाने हाक मारण्यासारखं.

मग त्याची अकरावीतली मुलगी पुढे सरसावली. रोज संध्याकाळी जेवणाआधी ती त्याला चार गणितं घाली आणि उत्तरावर बोट ठेवून विचारी, “बाबा, चार पॉइंट सात काय? लिटर? टोमॅटो?” सहा महिन्यांत तिने त्याला असं काही वळण लावलं की वाणसामानाच्या यादीतही तो ‘साबण ३ नग’ लिहू लागला. बायको म्हणाली, आता तुमची पाच मिनिटं कोणत्या एककात असतात तेही एकदा लिहून टाका. परीक्षेच्या दिवशी घरी आल्यावर मुलीने प्रश्नपत्रिका मागून घेतली, सगळी गणितं स्वतः सोडवली, आणि सतराव्या प्रश्नाचं त्याचं उत्तर ऐकून त्याच्या पाठीवर थाप मारली. “याच्यात लोक फसणार, बाबा. तुम्ही नाही फसलात.”

त्या सतराव्या प्रश्नाखाली आता पट्टी होती.

“तुम्ही लिहिलंय चार पॉइंट सात मिलिसेकंद,” मॅडम म्हणाल्या. “बरोबर उत्तर आहे चार पॉइंट सात सेकंद. म्हणजे हजारपट फरक. तुमचा पगार हजारपट चुकला तर चालेल का?”

“कुठल्या बाजूला चुकतो त्यावर आहे, मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. वस्तादला आपण बोललो याचा पश्चात्ताप झाला.

“मॅडम, प्रश्नात ओम आहे,” तो म्हणाला.

“ओमच असणार. रोध ओममध्येच मोजतात.”

“तसं नाही. नुसता ओम आहे.”

“नुसता म्हणजे?”

“किलो नाहीये.”

“किलो आहे.”

“नाहीये, मॅडम.”

“अहो, प्रश्न मी काढलाय.”

मॅडमनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. किलो म्हणजे हजार. मायक्रो म्हणजे दहा लाखांतला एक भाग. किलोला मायक्रोने गुणलं की उरतो मिलि. रोधाचे चारशेसत्तर गुणिले कंडेन्सरचे दहा, चार हजार सातशे मिलिसेकंद, म्हणजे चार पॉइंट सात सेकंद. तेवढा वेळ दार उघडं राहणार. प्रत्येक पायरीपुढे त्यांनी सुबक अक्षरात एकक लिहिलं. त्यात कुठेही चूक नव्हती. वस्तादने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सव्वीस वर्षं ज्या दारांनी त्याच्या बोटांची सालटं काढली ती किती वेळ उघडी राहतात हे तो आता समजावून घेत होता.

“आलं लक्षात?”

“ते आलं, मॅडम. पण तुम्ही प्रश्न एकदा वाचता का?”

“तुम्हाला पटत नाही, नाही का?”

“वाचा फक्त. मोठ्यांदा.”

मॅडमनी फाइलमधून प्रश्नपत्रिका काढली, चष्मा सारखा केला आणि सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“लिफ्टचे दार उघडे ठेवणाऱ्या टायमरमधील रोध ४७० किलो...”

तोंड पुढे गेलं, बोट मागे राहिलं. मॅडम पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचू लागल्या. या वेळी मनात. मग तिसऱ्यांदा, पट्टी लावून.

वस्ताद खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस टाकीत वाकून काहीतरी शोधत होता. दुसऱ्याला त्याची स्वतःची चूक सापडत असताना त्याच्याकडे बघू नये, एवढं वस्तादला कळत होतं.

मॅडमनी टेबलावरचा फोन उचलून तीन आकडे दाबले. पलीकडे संस्थेचा टंकलेखक असावा.

“सतराव्या प्रश्नात चारशेसत्तरच्या पुढे ‘कि.’ होता. कुठे गेला?”

फोनमधला आवाज खोलीत सहज ऐकू येत होता. “तो ना मॅडम. त्या ‘कि.’मुळे एक शब्द खालच्या ओळीत जात होता, आणि त्या ओळीमुळे पान वाढत होतं. म्हणून काढला. नुसता ‘कि.’ तर होता.”

“नुसता?”

“आणि प्रूफ तुम्हीच बघितलं होतंत, मॅडम. तुमची सही आहे.”

मॅडमनी फोन ठेवला. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर ठळक अक्षरांत त्यांचीच सूचना छापलेली होती: एकके दिल्याप्रमाणेच घ्यावीत. त्यांनी ती सूचना झाकली जाईल अशा बेताने पट्टी ठेवली. मुद्दाम ठेवली की तशीच पडली, हे वस्तादला सांगता आलं नसतं.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “तुमचं उत्तर बरोबर आहे.”

डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन बोलतात त्या आवाजात त्या हे म्हणाल्या, त्यामुळे वस्तादला आनंद व्हायला थोडा वेळ लागला.

“आणि बाकीचे, मॅडम?”

“बत्तीस जण बसले होते. एकतीस जणांनी सेकंद लिहिलंय. सरावसंचात हाच प्रश्न किलोने आहे, सगळ्यांनी तोच उतरवला. प्रश्न कुणी वाचलाच नाही.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “मीही.”

वस्तादला एकाहत्तर गुण आठवले. त्याला वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही.

“मग माझे दोन गुण...”

“ते देता येणार नाहीत.”

“बरोबर असून?”

“बरोबर आहे म्हणूनच. उत्तरसूचीत सेकंद आहे. तुमचं बरोबर धरायचं तर उत्तरसूची बदलावी लागते. ती मला बदलता येत नाही, ती समिती बदलते. समिती सहा महिन्यांनी बसते. परवाच बसून गेली.”

“आणि निकालाची यादी?”

“आज चार वाजता बंद होते. खाली खिडकीवर.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. वस्तादने घड्याळाकडे पाहिलं, मग उत्तरपत्रिकेकडे पाहिलं. पत्रिकेवर त्याच्या उत्तराखाली त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती: ‘टीप – असे दार कुठेही बसवू नये. माणूस आत येण्याआधीच बंद होईल.’ त्या ओळीभोवती लाल गोल होता आणि शेजारी मॅडमचं अक्षर: अनावश्यक मजकूर.

“काहीच नाही का करता येत?” त्याने विचारलं. आवाज त्याला स्वतःलाही आवडला नाही.

“तुमचं उत्तर चूक असतं तर करता आलं असतं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. तो अडकला, मग एकदम उघडला. “सहानुभूती गुण म्हणून आहेत. दोनपर्यंत देता येतात. पण ते चुकलेल्यांसाठी. बरोबर असणाऱ्यांची तशी काही सोय नाही.”

त्यांनी एक छापील कागद काढून टेबलावर ठेवला. वस्तादने तो स्वतःकडे वळवून घेतला आणि सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला. वर अर्जदाराचं नाव, आसन क्रमांक, प्रश्न क्रमांक. मधे एक वाक्य: ‘सदर प्रश्नाचे माझे उत्तर चुकीचे होते हे मला मान्य असून याबाबत मी यापुढे कोठेही हरकत घेणार नाही.’ त्याखाली सहीची जागा. त्याच्याखाली प्रश्नकर्त्याचं वाक्य: ‘प्रश्न व उत्तरसूची तपासली. दोन्ही निर्दोष आहेत.’ आणि दुसऱ्या सहीची जागा.

वस्तादने वाक्य परत वाचलं. सही करायचा अधिकार मिळावा म्हणून आधी कशावर सही करावी लागते, ते त्याने नीट पाहून घेतलं. मग खिशातलं पेन काढलं. ते उमटेना. त्याने तळहातावर दोन रेघा ओढून ते चालू केलं आणि सही केली. एरवी तो सही करायला वेळ घेई. आज लवकर झाली.

“घ्या, मॅडम.”

मॅडमनी कागद घेतला. आपलं पेन उघडलं. पेनाचं टोक कागदापासून बोटभर अंतरावर गेलं आणि तिथेच राहिलं.

“निर्दोष,” त्या म्हणाल्या.

वस्ताद वाट बघत होता.

“एकतीस वर्षं मी लोकांचे अर्धे अर्धे गुण कापतेय. ओम राहिला म्हणून. नुसता ओम.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “नाही. हे बरोबर नाही. मी समितीला लिहिते. चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लागली पाहिजे. एकतीस पेपर पुन्हा काढायला लागले तर लागू देत.”

आणि त्यांनी खरोखरच एक लेटरहेड पुढे ओढलं, वर तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर आधीपेक्षाही सुबक येत होतं. एखादी मोठी गोष्ट करायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं ते तेज त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. ते पाहून वस्ताद खुर्चीच्या कडेला सरकला.

“मॅडम, नका हो.”

“तुम्ही घाबरू नका. सहा महिन्यांनी तुम्हाला पूर्ण गुण मिळतील. लेखी दिलगिरीसुद्धा मिळेल.”

“दिलगिरी घेऊन काय करू? मला चार वाजता पास व्हायचंय. मी चुकलोय.”

“तुम्ही चुकलेला नाहीत.”

“चुकलोय म्हणतो ना! सही केलीय मी!” त्याचा आवाज चढला. बाहेरच्या पॅसेजमधलं कुणीतरी चालता चालता थांबलं आणि मग पुढे गेलं. वस्तादने आवाज खाली आणला. “मॅडम, हे बघा. चार पॉइंट सात मिलिसेकंदांत लिफ्टचं दार बंद होतं का कुठे? माणूस अर्धा आत आणि अर्धा बाहेर. शेंबड्या पोरालाही कळेल की तिथे किलोच पाहिजे. मला कळायला हवं होतं. छापताना राहतं एखादं अक्षर. प्रश्न चांगला आहे तुमचा. माझंच उत्तर चूक आहे.”

स्वतःच्या विरुद्ध इतकं चांगलं बोलता येतं हे त्याला माहीत नव्हतं.

मॅडमनी लिहिता हात थांबवला. लाल गोलातली ओळ त्यांनी जणू पहिल्यांदाच वाचली.

“तुम्हाला कळलंच होतं,” त्या म्हणाल्या. “टीप लिहिलीय तुम्ही खाली. मग तरीही मिलिसेकंद का लिहिलंत?”

वस्तादने पेन खिशात परत ठेवलं.

“सांगा ना. किलो धरून सोडवायचं. बाकीच्यांसारखं.”

“मागल्या खेपेला सोडवलं होतं,” वस्ताद म्हणाला. “तेव्हा पंख्याच्या मोटरीचा प्रश्न होता. कंडेन्सर अडीच फॅरडचा, असं छापलं होतं. अडीच फॅरडचा कंडेन्सर त्या मोटरीला कोण लावतो? ते मायक्रो असणार. मी मायक्रो धरलं आणि तसं लिहिलंही खाली, की मायक्रो धरलं आहे. चार गुण गेले. पेपराची नक्कल मागवली होती मी तेव्हा. पेपरावर तुम्ही लिहिलं होतं, ‘दिलेले एकक बदलू नये.’”

“मी?”

“लाल पेनाने.”

मॅडमना आठवत नव्हतं, हे दिसत होतं. आठवण्याचा प्रयत्न करताहेत हेही दिसत होतं. वर्षाला चारशे पेपर तपासणाऱ्या माणसाला एक मोटर कुठून आठवणार, असं वस्तादला वाटलं, आणि या परिस्थितीत आपल्याला त्यांची बाजू का सुचते याचा त्याला रागही आला.

“मॅडम, मी लिफ्ट दुरुस्त करतो. त्या लिफ्टवर आता दुसरा माणूस सही करतो. घरातलाच आहे, चांगला आहे. पण तो वर जात नाही. खाली चहा पितो आणि सही करतो. सहा महिन्यांत माझ्या हाताखालून साठ-सत्तर लिफ्ट जातात. त्यांत कुणी ना कुणी रोज चढणार. माझं बरोबर होतं की चूक, हे सहा महिन्यांनी कळलं काय आणि नाही कळलं काय. मला तीन फेऱ्या मारून सही करायचीय. बस.”

“आणि मी इथे लिहून देऊ? प्रश्न निर्दोष आहे म्हणून?” मॅडमचा आवाज एकदम लहान झाला. “खोटं?”

“मी नाही का दिलं लिहून?”

हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. पण बोलून झाल्यावर दोघांनाही तसं वाटलं असावं, कारण दोघांनीही एकाच वेळी त्या छापील कागदाकडे पाहिलं. वरच्या वाक्याखाली त्याची सही होती, शाई अजून ओली दिसत होती. खालची जागा कोरी होती.

मॅडमनी सही केली. अठ्ठेचाळीसवर काट मारून शेजारी पन्नास लिहिले, तिथेही आद्याक्षरं घातली. अर्धवट राहिलेलं पत्र त्यांनी फाडलं नाही. घडी न घालता खणात ठेवलं आणि खण लावला. या वेळी तो अडकला नाही.

“जा. खिडकी लवकरही बंद करतात ते.”

“उपकार झाले, मॅडम.”

“असं म्हणू नका.” त्या पट्टी पुसत होत्या. तो दारापर्यंत पोचल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही खरी दारं किती वेळ उघडी ठेवता?”

वस्तादने विचार केला. “ऑफिसात कमी. दवाखान्यात जास्त. म्हातारी माणसं राहत असतील तिथे आणखी थोडं वाढवतो, रेझिस्टर बदलून.”

“किती वाढवता?”

“आत उभा राहतो आणि बघतो, मॅडम. अंदाजाने.”

मॅडमनी मान हलवली.

खाली खिडकीवरच्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला, दोन्ही सह्या मोजल्या, यादीच्या शेवटी तेहेतिसावी ओळ आखून घेतली, मग परीक्षेला बत्तीसच जण होते हे लक्षात येऊन ती खोडली, आणि बाविसाव्या नावापुढचं ‘नापास’ पांढऱ्या शाईने बुजवून ती वाळेपर्यंत फुंकर घालत बसला. वाळल्यावर त्याने त्यावर ‘पास’ लिहिलं. चार वाजायला सहा मिनिटं होती. वस्ताद खिडकीचा गज धरून उभा होता.

फाटकाबाहेर मेव्हणा मोटरसायकलला टेकून उभा होता. कामावरून परस्पर आला होता. बहिणीचे तीन फोन येऊन गेले होते.

“काय, भाऊजी? झालं?”

“झालं.”

“पास?”

“पास.”

“अरे वा!” मेव्हण्याने त्याचा हात धरून जोरजोरात हलवला. त्याचा आनंद अगदी खरा होता, आणि तेच जास्त अवघड होतं. “मी ताईला म्हटलंच होतं. बेरजेत चूक निघाली ना? यांच्या बेरजा नेहमी चुकतात.”

“बेरीज बरोबर होती.”

“मग कसे वाढले?”

“सहानुभूतीचे दिले.”

“ते तर चुकलेल्या प्रश्नाला देतात.” मेव्हण्याचा हात सैल झाला. “कुठला चुकला होता?”

वस्तादने मोटरसायकलच्या आरशात पाहिलं. त्यात संस्थेची इमारत दिसत होती, मॅडमची खिडकीही.

“सतरावा. दाराचा.”

मेव्हणा आधी हसला नाही. त्याने ऐकलेलं बरोबर आहे का याची खात्री करून घेतली, आणि मग मोटरसायकलच्या सीटवर हात आपटत हसला. “दाराचा? तुमचा? अहो भाऊजी, आख्ख्या वर्गात कुणाचा चुकला नाही तो! सोपा म्हणून पहिला सोडवला मी! काय लिहिलंत तरी काय?”

“मिलिसेकंद.”

“मिलि...” मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता त्याने वस्तादच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो माणूस चांगला असल्यामुळे त्याचं हसू हळूहळू ओसरलं. “जाऊ द्या. होतं असं. घाईत होतं. सोपं आहे हो ते, बघा.”

पेट्रोलच्या टाकीवर धूळ होती. मेव्हण्याने तिच्यावर बोटाने ४७० लिहिलं, गुणाकाराची फुली काढली, १० लिहिले, आणि खाली मोठं करून ४.७.

“हे चारशेसत्तर म्हणजे किलो, बरं का. सांगितलेलं नसतं, आपण समजून घ्यायचं असतं. दाराच्या कार्डात दुसरं काही बसतच नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय ना? विसरलात?” तो आता अगदी मायेने बोलत होता. “ते धरलं की सेकंद येतो. आलं लक्षात?”

टाकीवरचे आकडे वस्तादने नीट पाहिले.

“परत एकदा सांग,” तो म्हणाला. “सावकाश. घरी पोरगी विचारणार, कुठे चुकलं म्हणून.”